चौथ्या सीटवरची मतं

सकाळी मुलुंडला स्लो लोकल पकडणाऱ्या ग्रुपचं बोलणं कधी कान देऊन ऐकावं. नाहूर जाईपर्यंत खणलेल्या रस्त्यांवर मत देऊन झालेलं असतं. भांडुप-कांजूरमार्गच्या दरम्यान भारतीय संघात कोणाला घ्यायला हवं होतं ते ठरतं. घाटकोपरला मेट्रोची गर्दी आत घुसते तेव्हा विषय सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीवर आलेला असतो. कुर्ल्याला कोणता आमदार कुठल्या गटात जाणार याचा निकाल लागतो, आणि दादरला डबा जरा मोकळा झाला की उपासानं पोट सुधारतं की बिघडतं, आणि मुळात देव आहे का, इथवर गाडी जाते. मशीद आलं की सगळे बॅगा सावरत उठतात. बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या गाडीतही हाच कार्यक्रम, फक्त तिथे शेअर बाजार जरा लवकर उघडतो.

याला आपण टाइमपास म्हणतो, आणि म्हणूनच त्याच्याकडे कधी नीट बघत नाही. पण एका बाकावरची ही रिकामी बडबड चालण्यासाठी मेंदू, कान, गुडघे आणि रेल्वेचं टाइमटेबल मिळून जे काही करतात, ते समजायला लागलं की थक्क व्हायला होतं.

आधी वेग बघू. एकाचं वाक्य संपलं आणि दुसऱ्यानं तोंड उघडलं, यांच्यामध्ये किती वेळ जातो? टान्या स्टिव्हर्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जगभरातल्या दहा भाषांमधल्या साध्या गप्पांची चित्रफीत घेऊन, हो-नाही प्रश्नांची उत्तरं किती वेळात येतात ते मोजलं. सगळ्या भाषा मिळून सरासरी अंतर निघालं सेकंदाचा साधारण पाचवा भाग, म्हणजे २०० मिलिसेकंद. आता अडचण पाहा. समोर आंब्याचं चित्र धरलं आणि ‘आंबा’ म्हणायला सांगितलं, तर एवढा एक शब्द ओठांवर यायलाच माणसाला ६०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. अख्खं वाक्य जुळवायला त्याहून जास्त. मग उत्तर २०० मध्ये येतं कसं?

येतं, कारण ते आधीच तयार होत असतं. समोरचा बोलत असताना ऐकणारा निम्म्या वाक्यावरच ओळखतो की याचा रोख कुठे आहे आणि हा थांबणार कधी. आपलं उत्तर जुळवून तो घशाशी आणून ठेवतो आणि योग्य क्षणी सोडतो. एकाच वेळी ऐकणं आणि बोलण्याची तयारी, तीही फेरीवाला ‘कंगवा, पिना, सेफ्टीपिन’ ओरडत असताना आणि वर ‘पुढील स्टेशन’ची घोषणा चालू असताना.

मराठी माणसाला तर हे आणखी अवघड जायला हवं. आपलं क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही शेवटी. ‘मी त्या माणसाला या वेळी मत दिलं’ इथपर्यंत ऐकून काहीच कळत नाही. ‘नाही’ यायचं की नाही ते पुढे. तरी समोरचा ‘नाही’च्या आतच ‘मीपण नाही’ म्हणून मोकळा होतो. गंमत अशी की त्या दहा भाषांत सगळ्यात झटपट निघाली ती जपानी, सरासरी फक्त ७ मिलिसेकंद, आणि जपानीचं क्रियापदही शेवटीच असतं. सगळ्यात सावकाश डॅनिश, ४६९. त्या यादीत भारतातली एकही भाषा नव्हती. भाषाशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्यानं आठच्या सुमारास मुलुंडच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहावं. प्रबंधाला पुरेल एवढा मजकूर कुर्ल्याच्या आत मिळेल.

आता बाक. लोकलच्या सेकंड क्लासचा बाक तिघांसाठी बनवलेला आणि चौघांनी बसण्याचा. समोर तसाच दुसरा. म्हणजे समोरासमोर आठ जण, गुडघ्याला गुडघे लागलेले, आणि त्या गुडघ्यांच्या मधल्या फटीत दांडा धरून उभे आणखी दोघे-तिघे. एवढ्या लोकांत एकच गप्पा कधी चालत नाहीत, हे तुम्ही पाहिलं असेल. सुरुवात सगळे मिळून करतात, आणि बघता बघता खिडकीकडचे चार वेगळे आणि वाटेकडचे चार वेगळे होतात. खिडकीकडे क्रिकेट, वाटेकडे कुणाच्या तरी मुलीचं ठरलेलं लग्न.

हे आपल्या लोकलचं वैशिष्ट्य नाही, माणसाचं आहे. रॉबिन डनबार या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये आपसूक जमलेले गप्पांचे घोळके मोजले तेव्हा एका वेळच्या संभाषणाची मर्यादा चार माणसांच्या आसपास निघाली. पाचवा आला की लवकरच गट फुटतो. कारण काही अंशी कानाचं आहे: गोंगाटात माणसं जास्त झाली की वर्तुळ मोठं होतं आणि पलीकडच्याचं ऐकू येत नाही. पण लोकलमध्ये तर पलीकडच्याचा श्वासही ऐकू येतो. तेव्हा दुसरं कारण मनाचं असावं. प्रत्येक जण काय विचार करतोय याचा अंदाज धरून ठेवावा लागतो, आणि चारांपलीकडे डोकं ती खाती सांभाळू शकत नाही. जेमी क्रेम्स आणि डनबार यांच्या २०१६ च्या एका अभ्यासात तर असं दिसलं की जे तिथे हजर नाहीत अशांच्या मनातलं बोलायला लागलं की गट आणखी लहान होतो, कारण त्या गैरहजर माणसाचंही खातं उघडावं लागतं. साहेबांची निंदा करायला माणसं डोकी आणखी जवळ का आणतात, त्याला भीतीशिवाय हेही एक कारण.

आणि बोलतात कशावर? डनबारच्याच १९९७ च्या दुसऱ्या अभ्यासात सैल वातावरणातल्या गप्पांचा जवळजवळ दोन तृतीयांश वेळ माणसांवर गेलेला दिसला. कोण कुणाशी कसं वागलं, कुणाचं कुणाशी जमतं, आपल्याला काय वाटलं, हे. राजकारण, धर्म, काम यांच्या वाट्याला उरलेलं. मला हे आधी खोटं वाटलं, कारण आमच्या डब्यात राजकारणाशिवाय असतं काय? मग लक्षात आलं की आपलं राजकारणसुद्धा ‘तो त्याला कसा सोडून गेला’ याच चालीवर चालतं. पक्षाच्या जाहीरनाम्यावर वाद घालताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही. काका-पुतण्यांवर मात्र थेट सायनपर्यंत ऐकलंय.

आता खरा प्रश्न. बाकावर बसलेला माणूस जे मत देतो, ते तो घरून घेऊन निघालेला असतो का?

स्वीडनमधल्या लुंड शहरात लार्स हॉल, पेटर योहान्सन आणि थॉमस स्ट्रँडबर्ग यांनी २०१२ मध्ये यावर एक जादूचा प्रयोग प्रसिद्ध केला. जादूचाच, कारण त्यात खरोखर हातचलाखी होती. बागेतल्या १६० लोकांना त्यांनी पॅडवर लावलेली प्रश्नावली दिली: नीती, राज्यकारभार अशा विषयांवरची विधानं, आणि तुम्ही त्यांच्याशी किती सहमत ते लिहा. माणूस पान उलटायचा तेव्हा वर चिकटवलेली विधानांची पट्टी पॅडच्या मागच्या बाजूला चिकटून जायची आणि खालून उलट अर्थाची विधानं उघडी पडायची. आकडे तेच, त्याच्याच हस्ताक्षरात. विधान मात्र नेमकं विरुद्ध. मग त्याला सांगायचे, जरा वाचून दाखवा आणि असं का वाटतं ते समजावा. ६९ टक्के लोकांनी बदललेल्या दोन विधानांपैकी निदान एक तरी आपलंच म्हणून स्वीकारलं. निम्म्याहून जास्त लोकांनी तर थोड्या वेळापूर्वी दिलेल्या मताच्या विरुद्ध बाजूचं निःसंदिग्ध समर्थन करून दाखवलं. उदाहरणं देऊन. मनापासून.

हे लोक खोटारडे नव्हते. गुळगुळीत बाकावर बसल्यावर शर्टाला जशा सुरकुत्या पडतात तसं मताचं होत असावं: अंगावरचं कापड आपलंच, पण घडी पडते ती बसण्याच्या जागेप्रमाणे. वर्गणी हजार असावी की पाचशे, हे मुलुंडला त्या माणसानं ठरवलेलं नसतं. कुणीतरी ‘पाचशे ठीक आहे’ म्हणतो, २०० मिलिसेकंदांत उत्तर द्यायचं असतं, आणि तोंडातून जे निघतं त्याला पुढची तीन स्टेशनं कारणं पुरवली जातात. कुर्ल्यापर्यंत ते त्याचं ठाम मत झालेलं असतं.

इथे कुणी घाबरून म्हणेल की मग असे घोळके धोक्याचेच. तसं मानणारे पूर्वीही होते. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनं २९ डिसेंबर १६७५ रोजी कॉफीगृहं बंद करण्याचा जाहीरनामा काढला, कारण तिथे बसून लोक सरकारविषयी वाटेल ते बोलतात. एवढा गदारोळ झाला की पंधरवड्याच्या आत तो मागे घ्यावा लागला. पण भीतीत तथ्य आहे. १९६९ मध्ये सर्ज मॉस्कोविची आणि मारिसा झावालोनी यांनी फ्रेंच विद्यार्थ्यांना गटात चर्चा करायला बसवलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष द गॉलविषयीचं त्यांचं मूळचं चांगलं मत आणखी चांगलं झालं आणि अमेरिकनांविषयीचं वाईट मत आणखी वाईट. एका मताचे लोक एकत्र बोलले की जिकडे कललेले असतात तिकडे आणखी कलतात. आपापल्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये हे कुणी पाहिलं नसेल असं नाही.

लोकलचा ग्रुप मात्र एका मताच्या लोकांचा नसतो. त्यांना एकत्र आणलेलं असतं टाइमटेबलनं. आठ बत्तीसची गाडी गाठायची म्हणून एका बाकावर बँकेतला कॅशियर, काळबादेवीला पेढी असलेला घाटकोपरचा व्यापारी, मंत्रालयातला क्लार्क आणि कोर्टातला कारकून येऊन बसतात. एक कट्टर, दुसरा त्याच्या नेमका उलट कट्टर, तिसऱ्याला दोघांचाही कंटाळा. आणि उद्या सकाळी परत याच गुडघ्यांना गुडघे लावून बसायचंय, त्यामुळे भांडण एका हद्दीपलीकडे जात नाही. आवाज चढला की कुणीतरी ‘जाऊ दे रे, चहा कधी देतोस?’ म्हणतो. दसऱ्याच्या आधी डब्यात झेंडूची तोरणं लागतात, पूजा होते, पेढे वाटतात. त्या वर्गणीत देव न मानणाराही न कुरकुरता पैसे देतो, आणि प्रसाद दोनदा घेतो. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली मार्गावर लेडीज स्पेशल सुरू झाली, तिच्यातल्या मैत्रिणींचं शास्त्रही हेच: स्वभावानं नव्हे, वेळेनं जमलेल्या. तिथे भाजी निवडता निवडता सासूपासून अर्थसंकल्पापर्यंत सगळ्याचा निकाल लागतो, आणि माझा अनुभव असा की तो पुरुषांच्या डब्यापेक्षा कमी शब्दांत लागतो.

बसायची रचना बदलली की हे सगळं कसं गळून पडतं, ते बघायला घाटकोपरला जिना चढून मेट्रोत जावं. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो, ८ जून २०१४ ला सुरू झालेली, साडेअकरा किलोमीटरच्या आतली. बाक भिंतीला लावलेले. शेजारचा दिसत नाही, समोरचा दूर. गुडघ्यांच्या जागी मधे उभ्या माणसांच्या पाठी. सगळे फोनमध्ये. हम्फ्री ऑझमंड या मनोविकारतज्ज्ञाला १९५० च्या दशकात कॅनडातल्या रुग्णालयात हेच खटकलं होतं: काही जागा माणसांना एकमेकांपासून लांब ठेवतात, काही जवळ आणतात. त्याचा सहकारी रॉबर्ट सॉमर यानं भिंतीकडेनं बसणाऱ्या वृद्ध स्त्रियांना लहान टेबलांभोवती बसवलं, आणि काही आठवड्यांत त्यांचं आपसातलं बोलणं दुप्पट झालं. माणसं तीच होती.

आणि ज्याला बसायला सगळ्यात कमी जागा मिळते तो माणूस गप्पांमध्ये सगळ्यात महत्त्वाचा असतो, असं माझं निरीक्षण आहे. चौथ्या सीटवरचा. त्याची अर्धी मांडी बाकावर, एक पाय वाटेत, अंग वळलेलं, त्यामुळे एक कान आपल्या ग्रुपकडे आणि दुसरा पलीकडच्या बाकाकडे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं की ती ओळख किती जवळची होती. वारंवार भेटणाऱ्यांकडून बातमी मिळालेले १७ टक्क्यांच्या आत निघाले. उरलेल्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून मिळाली होती. जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला. नवं येतं ते कडेच्या माणसाकडून.

हा कडेचा माणूस घाटकोपरला उतरतो. इतका वेळ पलीकडच्या बाकावरचं रस्त्यांच्या काँक्रीटविषयीचं मत त्याच्या कानावर पडत होतं. मेट्रोत तो पंधरा-वीस मिनिटं भिंतीला टेकून कुणाशीही न बोलता बसतो. आणि अंधेरीला ऑफिसखालच्या टपरीवर कटिंग हातात आल्याबरोबर सांगतो, ‘या काँक्रीटचं मी तर पहिल्यापासून म्हणत होतो.’