तीन मिलिमीटर गाळाचा हिशेब

तीन मिलिमीटर म्हणजे भाकरीच्या जाडीएवढेही नाही. पण डोंगरउतारावरून वाहून आलेल्या मातीचा एवढा थर ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूवर बसला, तरी त्या वाळूतल्या जीवसृष्टीची घडी विस्कटते. न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी खाड्यांमध्ये मुद्दाम चिकणमाती पसरून हे तपासले आहे.

आधी या थराचेच आकडे पाहू. एक चौरस किलोमीटर वाळूवर तीन मिलिमीटर गाळ म्हणजे 3,000 घनमीटर. दहा घनमीटरचे 300 डंपर भरतील एवढा. चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनचा आणि ताज्या गाळात दोन तृतीयांश पाणी धरले, तर एकाच चौरस मीटरवर सुमारे 240 लाख कोटी कण येऊन बसतात.

असा एक सुटा कण गोड्या, संथ पाण्यात मीटरभर खाली यायला तीन दिवसांहून जास्त वेळ घेतो. वाळूचा 0.2 मिलिमीटरचा कण तेवढेच अंतर मिनिटभरात उतरतो. चिकणमातीच्या या मंद वेगाने ती खुल्या समुद्रात दूरवर पांगायला हवी. पण नदीचे पाणी खाऱ्या पाण्यात मिसळले की क्षारांमुळे कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते भराभर तळाला जातात. त्यामुळे मातीचा मोठा वाटा खाडीतच, शिंपल्यांच्या वस्तीवरच उतरतो.

ही वस्ती दाट असते. आपल्याकडच्या तिसऱ्यांच्या जातकुळीतले तुआंगी नावाचे शिंपले तिथे चांगल्या जागी चौरस मीटरला हजाराहून जास्त सापडतात. वाळूच्या कणांमधल्या फटींतून पाणी खेळते आणि त्यासोबत प्राणवायू खाली जातो. चिकणमाती या फटी बुजवते. वरून पुरवठा थांबतो, खाली जीवाणू उरलासुरला प्राणवायू संपवत राहतात.

ऑकलंडच्या उत्तरेला ओकुरा नावाची खाडी आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिच्या वाळूच्या तुकड्यांवर काही सेंटिमीटर जाडीचे चिकणमातीचे थर देऊन पाहिले. तिसऱ्या दिवशी थराखालची वाळू प्राणवायूविना काळी पडली होती आणि निम्मे प्राणी संपले होते. दहाव्या दिवशी 90 टक्क्यांहून जास्त गेले. थर फोडून वर येणे जमले ते बिळे करणाऱ्या खेकड्यालाच. अशा प्रयोगांतून ऑकलंडमध्ये एक ढोबळ नियम निघाला: दोन सेंटिमीटर थर पाच दिवसांहून जास्त टिकला, तर हिंडते-फिरते खेकडे आणि कोळंब्या सोडून बाकी सगळे मरतात.

मरायला दहा दिवस पुरले. सावरायला वर्षही पुरले नाही. वर्ष उलटून गेले तरी त्या तुकड्यांवरची वस्ती पूर्ववत झालेली नव्हती. वाऱ्याने उठणाऱ्या लाटा थर खरवडतात, खेकडे बिळे खणून त्याला भोके पाडतात, मग आजूबाजूच्या वाळूतून पिल्ले आणि अळ्या वाहत येऊन वसतात. ज्या जागी लाटा पोचत नाहीत, तिथे सगळेच रेंगाळते.

शिवाय प्रयोगाचा तुकडा काही मीटरचा असतो. त्याच्या चहूबाजूंना जिवंत शेजार असतो. खरा पूर मात्र हेक्टरच्या हेक्टर झाकतो. तुकड्याची रुंदी शंभरपट केली, की कड शंभरपट वाढते, पण क्षेत्रफळ दहा हजारपट. म्हणजे मेलेल्या दर चौरस मीटरच्या वाट्याला येणारी जिवंत कड शंभराव्या हिश्शावर येते. प्रयोगातले वर्षभर ही म्हणूनच सौम्य बातमी समजायची.

पुरवठ्याला तर तोटाच नाही. न्यूझीलंडच्या नद्यांमध्ये वर्षाला सुमारे 19 कोटी टन माती जाते, सेकंदाला सहा टन. तरुण, ठिसूळ डोंगर आणि धो धो पाऊस हे मूळ कारण. जंगल तोडून केलेली कुरणे आणि घरांसाठी उघडे पाडलेले उतार ही माणसाची भर. फेब्रुवारी 2023च्या गॅब्रिएल चक्रीवादळानंतर एक लाख चाळीस हजारांहून जास्त दरडी कोसळल्याची नोंद नकाशांवर झाली.

खाड्यांसाठी तिथे एक मार्गदर्शक मर्यादा सुचवलेली आहे: गाळ साचण्याच्या नैसर्गिक वेगापेक्षा वर्षाला दोन मिलिमीटर जास्त, त्यापुढे नको. ऐकायला रास्त. पण समजा, नऊ वर्षे काहीच जादा गाळ आला नाही आणि दहाव्या वर्षी एका रात्रीत दोन सेंटिमीटर आला. दहा वर्षांची सरासरी बरोबर दोन मिलिमीटर, कागदोपत्री मर्यादा पाळली गेली आणि वाळूतली वस्ती आठवडाभरात संपली. तिला सावरायला जितका काळ लागतो त्याआधीच पुढचा पूर आला, तर सावरणे कधी पुरे होतच नाही. त्यामुळे वर्षाला किती गाळ आला यापेक्षा एका वेळी किती आला आणि दोन पुरांच्या मध्ये किती उसंत मिळाली, हे आधी मोजायला हवे.