ब्लू बुक प्रकल्प

आकाशात दिसलेल्या परंतु ओळख न पटलेल्या वस्तूंविषयीच्या वृत्तांची छाननी करण्यासाठी अमेरिकेच्या हवाई दलाने १९५२–६९ या काळात चालविलेली अधिकृत चौकशी. तिचे केंद्र ओहायओ राज्यातील डेटनजवळच्या राइट-पॅटरसन हवाई तळावर होते. महाविद्यालयीन परीक्षांतील निळ्या उत्तरपुस्तिकांवरून हे नाव घेण्यात आले. ‘साइन’ (१९४८) व ‘ग्रज’ (१९४९) हे तिचे पूर्वगामी प्रकल्प होत.

२४ जून १९४७ रोजी केनेथ आर्नल्ड या वैमानिकास वॉशिंग्टन राज्यातील मौंट रेनिअर पर्वताजवळ नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. वृत्तपत्रांनी त्यांना ‘उडत्या तबकड्या’ म्हटले आणि देशभरातून तशाच वार्ता येऊ लागल्या. हवाई दलास प्रारंभी चिंता वाटली ती परग्रहवासीयांपेक्षा सोव्हिएट विमानांची. ७ जानेवारी १९४८ रोजी केंटकी राज्यात अशाच एका वस्तूचा पाठलाग करताना कॅप्टन टॉमस मँटेल प्राणवायूच्या साधनाशिवाय फार उंचीवर गेला व विमान कोसळून मरण पावला. ती वस्तू म्हणजे शुक्र ग्रह असावा, असे प्रथम सांगण्यात आले. ती बहुधा नौदलाच्या ‘स्कायहुक’ योजनेतील प्रचंड फुगा होती. पण ती योजना त्या वेळी गुप्त असल्याने हे स्पष्टीकरण पुष्कळ उशिरा पुढे आले.

ब्लू बुकचा पहिला प्रमुख कॅप्टन एडवर्ड रपेल्ट याने चौकशीस शिस्त आणली. ‘उडती तबकडी’ या सवंग नावाऐवजी ‘अनोळखी उडती वस्तू’ ही संज्ञा त्याने रूढ केली आणि साक्षीदारांसाठी प्रमाणित प्रश्नावली तयार करविली. जुलै १९५२ मध्ये लागोपाठच्या दोन शनिवार-रविवारच्या रात्री राजधानी वॉशिंग्टनच्या विमानतळावरील रडारवर अनोळखी ठिपके उमटले व लढाऊ विमाने धाडावी लागली. तापमान-व्युत्क्रमामुळे, म्हणजे थंड हवेवर उष्ण हवेचा थर आल्यामुळे, रडारतरंग वाकून हा भास झाला असावा, असा खुलासा मेजर जनरल जॉन सॅमफर्ड यांनी २९ जुलै रोजी केला. त्या एका वर्षात १,५०१ वृत्ते नोंदली गेली.

जानेवारी १९५३ मध्ये केंद्रीय गुप्तचर संस्थेने भौतिकीविज्ञ एच. पी. रॉबर्ट्‌सन यांच्या अध्यक्षतेखाली शास्त्रज्ञांची समिती नेमली. या वस्तूंपासून प्रत्यक्ष धोका नाही. मात्र वृत्तांच्या गर्दीत खऱ्या हल्ल्याची सूचना दबून जाण्याचा धोका आहे, असे तिचे मत पडले. म्हणून लोकांचे कुतूहल कमी करावे, अशी शिफारस तिने केली. येथून चौकशीचा रोख बदलला. शोध घेण्यापेक्षा शंका मिटविण्याकडे कल वाढला आणि कर्मचारीवर्गही तुटपुंजा राहिला.

१९५५ मध्ये ‘यू-२’ या हेरविमानाच्या चाचण्या सुरू झाल्या. ते सु. १८,००० मी.हून अधिक उंचीवर उडे. खाली संधिप्रकाश असताना त्याच्या पंखांवर सूर्यकिरण चमकत व खालून जाणाऱ्या प्रवासी विमानांच्या वैमानिकांना आकाशात अग्निगोल दिसल्यासारखे वाटे. गुप्तचर संस्थेच्या इतिहासानुसार ब्लू बुकचे अधिकारी वृत्ते या उड्डाणांशी ताडून पाहात. पण खरे कारण साक्षीदारास सांगण्याची मुभा त्यांना नव्हती. १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धातील व पुढील दशकातील निम्म्याहून अधिक वृत्ते अशा उड्डाणांमुळे होती, हा १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला दावा अतिशयोक्त मानणारे अभ्यासकही आहेत. तथापि एकच शासन गुपित राखते व त्याच गुपिताची चौकशीही करते, ही विसंगती प्रकल्पाच्या विश्वासार्हतेस बाधक ठरली, यात संशय नाही.

मार्च १९६६ मध्ये मिशिगन राज्यातील दिव्यांसारख्या दृश्यांचे कारण दलदलीतील वायू असावा, असे प्रकल्पाचे सल्लागार ज्योतिर्विद जे. ॲलन हायनेक यांनी सुचविले. त्याची देशभर टिंगल झाली व जेरल्ड फोर्ड यांनी काँग्रेसकडून चौकशीची मागणी केली. त्यानंतर कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड काँडन यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र अभ्यास झाला. या विषयाच्या पुढील अभ्यासातून विज्ञानास विशेष लाभ संभवत नाही, असा निष्कर्ष त्याच्या अहवालात (१९६९) होता. त्यातील काही प्रकरणे मात्र अनिर्णीतच होती. १७ डिसेंबर १९६९ रोजी प्रकल्प बंद झाल्याची घोषणा झाली.

१९४७ पासूनच्या एकूण १२,६१८ वृत्तांपैकी ७०१ अखेरपर्यंत ‘अनोळखी’ राहिली. त्यांपैकी ३०३ एकट्या १९५२ मधील होत. बाकीच्यांत तारे, ग्रह, उल्का, फुगे व विमाने यांचाच भरणा होता. ‘अनोळखी’ याचा अर्थ परग्रहावरील असा नसून पुराव्यावरून कारण ठरविता न आलेले, एवढाच आहे. प्रारंभी संशयवादी असलेले हायनेक यांनी पुढे या उर्वरित वृत्तांच्या अभ्यासासाठी १९७३ मध्ये स्वतंत्र केंद्र स्थापिले. प्रकल्पाची कागदपत्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अभ्यासकांना खुली आहेत. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०२२ मध्ये अशाच कामासाठी नवे कार्यालय उघडले.