पडला की उधळला?

ओपनसिम या शरीराच्या हालचालींचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमधला सांगाडा दोन पावलं झोकात टाकतो आणि तिसऱ्याला आडवा होतो. मग सेटिंग्जमध्ये हात घालायचा मोह होतो. त्याआधी एक बघायचं: तो पडला, की उधळला?

पडणं म्हणजे हळूहळू कलत जाणं. यात बरेचदा काहीच बिघडलेलं नसतं. तळहातावर उभी काठी तोलायची, तर हात सतत हलवावा लागतो. चालताना आपली मज्जासंस्था नेमकं हेच करत असते. मॉडेलला फक्त आधी ठरवलेले स्नायूंचे संदेश दिले, तर सावरणारं कुणीच नसतं आणि किरकोळ चूकही फुगत जाते. तिथे मोजलेल्या हालचालीचा माग धरत संदेश दुरुस्त करणारा नियंत्रक हवा. ओपनसिमचं सीएमसी हे साधन त्यासाठीच आहे.

उधळणं वेगळं. क्षणात मांडी छताकडे जाते, किंवा गणित इतकी बारीक पावलं टाकू लागतं की रात्रभर ठेवलं तरी पुढे सरकत नाही. अशा वेळी माझा पहिला संशय स्नायूंवर नसतो, जमिनीवर असतो, म्हणजे जमिनीकडून पावलांवर येणाऱ्या बलाच्या आकड्यांवर.

७० किलोच्या माणसाचं वजन सुमारे ६९० न्यूटन. हे बल मोजणाऱ्या फोर्स प्लेटने पावलाखालचा दाबबिंदू २०० मिलिमीटरवर दाखवला आणि फाइलमध्ये तो २०० मीटर म्हणून गेला, तर १३८ न्यूटन-मीटरचा पीळ १,३८,००० होतो. सांगाड्याने काय करावं? ओपनसिममध्ये वरची दिशा वाय असते, अनेक प्रयोगशाळांत झेड. तिथेही घोळ होतो. डाव्या पायाचं बल उजव्याला जोडणं तर नेहमीचंच. हा दाबबिंदू काढताना उभ्या बलाने भागावं लागतं, त्यामुळे टाच टेकण्याच्या क्षणी बल शून्याजवळ असलं की बिंदू सैरावैरा उड्या मारतो. तो भाग छाटून टाकावा. तसाच ठेवून फिल्टर लावला, तर त्या उड्या शेजारच्या चांगल्या आकड्यांतही मिसळतात.

हे निस्तरलं की ओटीपोटाकडे वळावं. मोजलेली हालचाल आणि मोजलेलं बल यांचा मेळ बसत नाही, तेव्हा हिशेब जुळवायला तिथे एक काल्पनिक हात लावलेला असतो. त्याचं बल बाह्य बलाच्या ५ टक्क्यांच्या आत असावं, असा संकेत आहे. बाह्य बल ८०० न्यूटन असेल, तर ४०.

स्नायूंची पाळी त्यानंतर. गेट२३९२ या जुन्या मॉडेलमध्ये पोटरीतल्या सोलिअसचा तंतू ५ सेंटिमीटरचा आणि कंडरा २५ सेंटिमीटरची. माप बसवताना कंडरेत एका सेंटिमीटरची, म्हणजे ४ टक्क्यांची चूक झाली, तर ती तंतूच्या २० टक्के भरते. तंतू नको इतका आखडतो किंवा ताणला जातो, आणि स्नायूचं समीकरण सुटेनासं होतं. उत्तेजन अगदी शून्यावर नेलं तरी काही स्नायू-मॉडेलं अडतात, किमान ०.०१ ठेवलं की बरेचदा मार्गी लागतात.

सगळं ठीक असून गुडघाच उलटा वळत असेल, तर हालचालीची फाइल कुठल्या मॉडेलची ते पाहा. गेट२३९२मध्ये गुडघा वाकण्याचा कोन ऋण धरतात, २०१६च्या राजगोपाल मॉडेलमध्ये धन.