‘लग्न झालं की होईल ठीक’ म्हणण्याआधी

वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर उंची, शिक्षण, नोकरी, अपेक्षा असे रकाने असतात. ‘लग्न करायचंच नाही’ असा रकाना नसतो. पस्तिशीच्या मुलीने तसं सांगितलं की वस्तीत तर्क सुरू होतात. बाहेर जमलं असेल, कोणी फसवलं असेल, अंगात काही दोष असेल. मुलगा असेल तर एकच शब्द वापरतात, तो आम्ही इथे छापत नाही. तिला किंवा त्याला कोणाबद्दलच लैंगिक ओढ वाटत नसेल, ही शक्यता मात्र कोणाच्या डोक्यात येत नाही.

अशा व्यक्तीला असेक्शुअल म्हणतात; मराठीत ‘अलैंगिक’ असंही म्हटलं जातं. ज्यांना प्रेमात पडण्याची ओढच नसते ते ॲरोमँटिक. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असतील असं नाही. एखादीला संसार, सोबत हवी असते, शरीरसंबंध नको असतो. एखाद्याचं उलट असतं. यांना माया नसते, हा तर निव्वळ गैरसमज. भाचरांवर जीव टाकणारी, मित्रासाठी रात्रभर दवाखान्यात बसणारी माणसं यांच्यातही असतात.

अँथनी बोगार्ट या संशोधकाने २००४ साली ब्रिटनमधल्या अठरा हजारांहून जास्त लोकांच्या पाहणीवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शंभरात साधारण एकाने आपल्याला कधीच कोणाबद्दल लैंगिक आकर्षण वाटलं नाही असं सांगितलं. तोच हिशेब आपल्याकडे धरला, तर हजार मोठ्या माणसांच्या वस्तीत असे दहाजण निघतील. ते बोलत नाहीत, एवढंच.

याचा नपुंसकतेशी संबंध नाही. शरीर नेहमीसारखं चालतं, पाळी येते, मूलही होऊ शकतं. हे ब्रह्मचर्यही नव्हे, कारण ब्रह्मचर्य माणूस ठरवून पाळतो. इथे ठरवण्याचा प्रश्नच नसतो.

मग आजार कोणता? कोणताच नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या निदानपुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे, की व्यक्ती स्वतःला असेक्शुअल म्हणत असेल तर कमी लैंगिक इच्छेचा विकार असं निदान करू नये. आपला २०१७चा मानसिक आरोग्य कायदाही समाजाच्या रूढ नैतिक कल्पनांत कोणी बसत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवू देत नाही. तरी घरचे पोराला रेल्वेच्या भिंतीवर जाहिरात करणाऱ्या ‘गुप्तरोग तज्ज्ञा’कडे नेतात. तिथे जातो तो पैसा, आणि पुड्यांमध्ये काय असतं हे देणाऱ्यालाच माहीत.

एक फरक मात्र लक्षात ठेवायचा. आधी इच्छा होती आणि ती अलीकडे गेली, सोबत थकवा, उदासी, वजनात बदल असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. थायरॉईड, मधुमेह, नैराश्य, काही औषधं यांनी असं होतं आणि त्यावर उपचार आहेत. पहिल्यापासूनच ओढ नाही आणि त्या माणसाला त्याचा त्रासही नाही, तर उपचार कशावर करायचे?

त्रास असतो तो बाहेरून. ‘लग्न झालं की होईल ठीक’ या भरवशावर बोहल्यावर चढवलं जातं. आमच्या मते यात दोन आयुष्यांची फसवणूक आहे, कारण समोरच्यालाही काही सांगितलेलं नसतं. पुढे संबंधांना नाही म्हणणाऱ्या सुनेवर जबरदस्ती होते आणि शेजारी ‘नवरा-बायकोचा मामला’ म्हणून दार लावून घेतात. २००५चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा नवऱ्याने केलेल्या लैंगिक छळालाही हिंसाच मानतो. पोरगा असेल तर टोमण्यांना कंटाळून तो गाव सोडतो किंवा गप्प गप्प राहतो.

घरात कोणी असं काही सांगितलं तर लगेच स्थळांचे फोन फिरवू नका. ‘कधीपासून असं वाटतं?’ एवढं विचारा आणि ऐकून घ्या. मावशी-काकूंमध्ये ते वाटायचं की नाही, हे तिलाच ठरवू द्या. सततच्या दबावाने झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतही बोलता येतं.