साठवण-कंट्रोलरचा प्रतिसादभंग आणि कालबाह्य ड्रायव्हर : एक तांत्रिक विवेचन

प्रस्तावना

कार्यालयातील किंवा ग्रंथालयातील सर्व्हर अधूनमधून मिनिटभर गोठतो आणि नंतर जणू काही घडलेच नाही अशा रीतीने काम पूर्ववत सुरू होते. अशा वेळी हार्ड डिस्क खराब झाली, असे गृहीत धरून ती बदलण्याचा प्रस्ताव खरेदी समितीपुढे मांडला जातो. नवी डिस्क बसविल्यावरही गोठणे थांबत नाही, तेव्हा संपूर्ण यंत्रच निर्लेखित होते. वस्तुतः दोष पुष्कळदा डिस्कमध्ये नसून ऑपरेटिंग सिस्टिम आणि कंट्रोलर यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या ड्रायव्हरमध्ये असतो. हा भेद ओळखणे केवळ काटकसरीचा भाग नव्हे. रेड ५ पद्धतीच्या संचातून चांगली डिस्क काढून टाकली आणि पुनर्बांधणी चालू असताना दुसरी निकामी झाली, तर त्या संचातील सर्वच माहिती गमावण्याची वेळ येते. प्रस्तुत लेखात विंडोज प्रणालीच्या संदर्भात या दोषाची कारणे व उपाय यांचा विचार केला आहे.

विनंतीचा प्रवास आणि घड्याळ

एखादी फाईल उघडण्याची विनंती फाईल-व्यवस्थेकडून डिस्कच्या वर्ग-ड्रायव्हरकडे, तेथून स्टोरपोर्टकडे, नंतर मिनीपोर्ट ड्रायव्हरकडे आणि अखेरीस कंट्रोलरकडे जाते. यांपैकी स्टोरपोर्ट हा मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २००३ पासून आणलेला सामाईक घटक होय. मिनीपोर्ट मात्र त्या त्या कंट्रोलरसाठी स्वतंत्र असतो. प्रत्येक विनंतीसोबत एक कालमर्यादा जोडलेली असते. अलीकडच्या विंडोज आवृत्त्यांत डिस्कसाठी ती सामान्यतः ६० सेकंद असते. लिनक्समध्ये ती मुळात ३० सेकंद ठेवलेली आहे.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. स्टोरपोर्ट प्रत्येक विनंतीसाठी वेगळे घड्याळ लावत नाही. पहिली विनंती जाताच एकच गणक सुरू होतो आणि दर सेकंदाला एकाने उतरतो. कोणतीही एक विनंती पूर्ण झाली की तो रांगेतील अग्रभागीच्या विनंतीच्या मर्यादेवर पुन्हा भरला जातो. याचा अर्थ असा की, डिस्क मंद असली तरी काही ना काही काम पूर्ण करीत असेल, तर गणक शून्यावर पोहोचतच नाही. तो शून्यावर आला म्हणजे त्या संपूर्ण कालावधीत उपकरणाकडून एकही उत्तर आलेले नाही. त्याच क्षणी स्टोरपोर्ट उपकरणाला रिसेट करण्याचा आदेश देतो आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ क्रमांकाची नोंद होते. प्रलंबित विनंत्या परत पाठविल्या जातात, वरचा ड्रायव्हर त्या पुन्हा धाडतो आणि संगणक ‘जागा’ होतो. म्हणूनच १२९ ही नोंद मंदपणाची नसून मौनाची आहे.

मौनाची कारणे

डिस्क खरोखरच निकामी झालेली असू शकते, केबल सैल असू शकते. या शक्यता प्रथम तपासाव्यात, हे उघड आहे. परंतु डिस्कने काम पूर्ण केले आणि ते झाल्याची वार्ताच प्रोसेसरपर्यंत पोहोचली नाही, तरीही बाहेरून दिसणारे लक्षण हेच असते. याचे सुपरिचित उदाहरण विंडोज १० मध्ये आढळले. ही प्रणाली २०१५ साली आली. तिच्यासोबत येणारा ‘स्टोर-एएचसीआय’ हा ड्रायव्हर आणि काही एएचसीआय उपकरणांचे सदोष फर्मवेअर एकत्र आले, की संदेशाधारित इंटरप्ट पद्धतीत विनंत्या नीट पूर्ण होत नसत. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर १०० टक्के दिसे, प्रत्यक्षात मात्र काहीच वाचले-लिहिले जात नसे. मायक्रोसॉफ्टने सुचविलेला उपाय रजिस्ट्रीत त्या कंट्रोलरपुरते ‘एमएसआय-सपोर्टेड’ हे मूल्य शून्य करून यंत्र पुन्हा सुरू करण्याचा होता.

दुसरे कारण वीजबचतीचे. साटा जोडणी रिकाम्या वेळी निद्रिस्त ठेवली जाते. जुन्या यंत्रात नवी एसएसडी बसविली, पण ड्रायव्हर मूळ स्थापनेच्या वेळचाच राहिला, तर निद्रेतून जागे होण्याच्या वेळा जुळत नाहीत. ‘हाय परफॉर्मन्स’ ही वीजयोजना काही दिवस निवडून पाहिल्यास या शक्यतेची सोपी चाचणी होते.

उपाययोजना

सर्वप्रथम संपूर्ण बॅकअप घ्यावा आणि तो उघडतो हे तपासावे. त्यानंतर १२९ च्या नोंदीतील ‘सोर्स’ हा रकाना पाहावा. तेथे मिनीपोर्टचे नाव मिळते आणि कोणता ड्रायव्हर तपासायचा ते कळते. डिव्हाइस मॅनेजरमधून त्याची आवृत्ती आणि कंट्रोलरच्या प्रारंभिक पडद्यावरून किंवा उत्पादकाच्या साधनातून फर्मवेअरची आवृत्ती टिपावी. पुष्कळ उत्पादक या दोहोंची जुळणारी जोडी प्रसिद्ध करतात. केवळ एकच अद्ययावत केल्यास जुना दोष जाऊन नवा येण्याचा संभव राहतो.

ड्रायव्हरचे वय तारखेवरून ठरविणे मात्र फसवे आहे. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हरांवर सरसकट २१ जून २००६ हीच तारीख आढळते. उत्पादकाने दिलेला ड्रायव्हर नेहमी अधिक नवा ठरावा, म्हणून ती हेतुपुरस्सर तशी ठेवलेली आहे. तेव्हा पाहायचा तो आवृत्तिक्रमांक.

रजिस्ट्रीतील कालमर्यादा वाढविण्याचा सल्ला वारंवार दिला जातो. स्थानिक डिस्कच्या बाबतीत तो चुकीचाच म्हणावा लागेल : मौन तेच राहते, फक्त संगणक ६० ऐवजी १२० सेकंद गोठतो. नेटवर्कवरील साठवणीत, जेथे एका कंट्रोलरकडून दुसऱ्याकडे कारभार जाण्यास वेळ लागतो, तेथे उत्पादकाने सांगितलेली वाढ समर्थनीय ठरते.

साठवणीचा ड्रायव्हर प्रणाली सुरू होतानाच लागतो. चुकीचा ड्रायव्हर बसला तर यंत्र ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हा संदेश देऊन थांबते आणि मग ‘रोल बॅक’ची कळ असलेल्या पडद्यापर्यंतही पोहोचता येत नाही. यास्तव दुरुस्तीसाठी लागणारा यूएसबी आधीच तयार ठेवावा आणि हे काम प्रवेश वा परीक्षेच्या काळात हाती घेऊ नये. विंडोज १० चे सर्वसाधारण समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने त्या प्रणालीवरील यंत्रांसाठी योग्य ड्रायव्हर व फर्मवेअरच्या प्रती उत्पादकाकडून आताच उतरवून जपून ठेवाव्यात.