पोथी शाबूत असली म्हणजे गोष्ट खरी का?



आजचा विषय जरा नाजूक आहे. ख्रिस्ती धर्म खरा आहे हे सांगताना इतिहासाचे आणि जुन्या हस्तलिखितांचे पुरावे दिले जातात. त्या पुराव्यांचं वजन नेमकं किती, हे आज आपल्याला पाहायचं आहे. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे संदेश फिरत असतात. एक म्हणतो, नव्या कराराच्या हजारो पोथ्या आहेत, म्हणजे तो खराच. दुसरा म्हणतो, पोथ्यापोथ्यांत फरक आहेत, म्हणजे सगळं बनावट. अशा वादातून शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो, घरातला मुलगा बापाशी अबोला धरतो. आमचं म्हणणं असं, की ही दोन्ही अनुमानं घाईची आहेत.

इथे तीन प्रश्न आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला, आज आपल्या हातात असलेला मजकूर मूळ लेखकाचाच आहे का? दुसरा, लेखकाला घटनेची माहिती कुठून आणि किती लवकर मिळाली? तिसरा, त्याने जे सांगितलं ते खरं आहे का? एका प्रश्नाचं उत्तर मिळालं की तिन्ही सुटले असं लोक धरून चालतात. सगळा घोटाळा तिथेच होतो.

पहिला प्रश्न आपल्या बीड जिल्ह्यातल्या माणसाला समजायला सोपा आहे. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिलं. तिथे मूळ वस्तूच आपल्यासमोर आहे. पण असं भाग्य फार थोड्या ग्रंथांना लाभतं. ज्ञानेश्वरीचंच बघा. ती शके १२१२ ची, म्हणजे इ.स. १२९० ची. मूळ प्रत आज कुणाकडेही नाही. पुढे तीनशे वर्षांत नकलांमध्ये पाठभेद शिरले, म्हणून पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली आणि यापुढे कुणी आपल्या पदरची ओवी घालू नये, असं बजावलं. नंतर इतिहासाचार्य राजवाड्यांना बीडला एक जुनी पोथी मिळाली. ती त्यांनी १९०९ मध्ये छापली. ही एकनाथांच्याही आधीची, असं त्यांचं म्हणणं होतं. सगळ्या अभ्यासकांनी ते मान्य केलं नाही. आता सांगा, पाठभेद आहेत म्हणून ज्ञानेश्वरी खोटी ठरली का? मुळीच नाही. प्रती ताडून पाहिल्या, म्हणूनच मूळ पाठाच्या जवळ जाता आलं. यालाच पाठचिकित्सा म्हणतात.

हीच पद्धत नव्या कराराला लावू या. मूळ हस्तलिखित एकही उरलेलं नाही. पण ग्रीक भाषेतल्या नकला पाच हजारांहून जास्त आहेत. त्यातल्या बहुतेक मध्ययुगातल्या आहेत हे खरं, तरी काही फार जुन्या आहेत. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात तळहाताहून लहान असा पपायरसचा एक तुकडा आहे. त्यावर योहानाच्या शुभवर्तमानातला पिलातासमोरच्या चौकशीचा भाग आहे. अक्षराच्या वळणावरून तो साधारण दुसऱ्या शतकातला मानतात. अर्थात, अक्षरावरून काढलेला काळ थोडा मागेपुढे होऊ शकतो. बायबलच्या दोन मोठ्या पोथ्या, सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनस, चौथ्या शतकातल्या आहेत.

आता दुसरी बाजू. मार्काच्या शुभवर्तमानाची शेवटची बारा वचनं या दोन्ही मोठ्या पोथ्यांत नाहीत. व्यभिचाराचा आरोप असलेल्या स्त्रीला येशूने वाचवलं, ती योहानातली सुंदर कथाही सर्वांत जुन्या प्रतींत सापडत नाही. ख्रिस्ती विद्वानांनीच हे शोधलं, आणि आजच्या कितीतरी आवृत्त्यांत हे भाग कंसात किंवा टीप देऊन छापतात. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: काही जागी भर पडली आहे, ती बहुतेक ओळखता येते, आणि उरलेला मजकूर बराच भरवशाचा आहे. प्राचीन काळातल्या फार थोड्या ग्रंथांच्या बाबतीत असं म्हणता येईल.

आता दुसरा प्रश्न. येशूला इ.स. ३० च्या सुमारास वधस्तंभावर खिळलं. पौलाने करिंथकरांस पहिलं पत्र लिहिलं ते साधारण ५५ च्या आसपास. त्याच्या पंधराव्या अध्यायात पौल सांगतो, की येशू मेला, पुरला गेला, उठवला गेला आणि अमक्यातमक्यांना दिसला. हे मलाही दुसऱ्यांकडून मिळालं, असंही तो म्हणतो. म्हणजे हा विश्वास त्या पत्राहून जुना आहे. मधे पिढ्यान्‌पिढ्या गेलेल्या नाहीत. बाहेरचे साक्षीदारही आहेत. रोमन इतिहासकार टॅसिटस दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लिहितो, की तिबेरियस बादशहाच्या काळात पिलाताने ख्रिस्ताला मृत्युदंड दिला. त्याला ख्रिस्ती लोकांबद्दल अजिबात प्रेम नव्हतं, म्हणून त्याची साक्ष मोलाची. यहुदी इतिहासकार योसेफस येशूचा भाऊ याकोब याचा उल्लेख करतो. योसेफसच्या ग्रंथात येशूवर आणखी एक उतारा आहे, पण त्यात नंतर कुणीतरी ख्रिस्ती शब्द घातले, असं बहुतेक अभ्यासक मानतात. १९६१ मध्ये कैसरिया इथे पिलाताच्या नावाचा शिलालेखही सापडला.

एक मुद्दा वारंवार मांडला जातो. चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर आधी बायकांनी पाहिली. त्या काळी बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. गोष्ट रचायचीच असती, तर रचणाऱ्याने साक्षीदार म्हणून पुरुष उभे केले असते. युक्तिवाद विचार करण्याजोगा आहे. पण कबरेवर कोण कोण गेलं, तिथे कोण दिसलं, यात चौघांत फरक आहे. लूक येशूचा जन्म क्विरीनियाच्या खानेसुमारीशी जोडतो, ती इ.स. ६ मधली, तर मत्तय सांगतो तो हेरोद राजा त्याच्या कितीतरी आधी, इ.स. पूर्व ४ च्या सुमारास वारला. हा मेळ आजवर नीट बसलेला नाही. म्हणजे येशू होऊन गेला, त्याला वधस्तंभावर मारलं आणि तो जिवंत दिसला असं त्याचे शिष्य लवकरच मनापासून सांगू लागले, इथपर्यंत इतिहास आपल्याला नेतो. तपशिलात मात्र जपून राहावं लागतं.

तिसरा प्रश्न सगळ्यांत मोठा. तो खरोखर उठला का? इथे आपल्याच लोकांनी केलेला एक जुना वाद आठवावा. १८३९ मध्ये जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. खरा धर्म ओळखायचा कसा, तर संस्थापकाचे चमत्कार, शास्त्राची पवित्रता आणि सर्व मानवांसाठी असणं या कसोट्यांवर, असं त्याचं म्हणणं. त्याला उत्तर देणाऱ्यांत सिहोरचे मराठी पंडित सुबाजी बापू होते. त्यांनी सोमनाथ या नावाने लिहिलं. देवाने निरनिराळ्या माणसांना निरनिराळे मार्ग दिले आहेत, असा त्यांचा रोख होता. आणि हेच सुबाजी बापू १८३६ मध्ये मराठीत पुस्तक लिहून, पुराणांतल्या भूगोलापेक्षा ज्योतिषशास्त्राचं गणित खरं, असं सांगून चुकले होते! स्वतःच्या ग्रंथांना कसोटी लावणारा माणूस दुसऱ्याला उत्तर देत होता, ही त्या वादातली शान आहे.

दुसरे उत्तर देणारे काशीचे तरुण मराठी पंडित नीलकंठशास्त्री गोरे. धर्माच्या बाबतीत नुसता तर्क पुरत नाही, आधी श्रद्धा लागते, असं त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’त मांडलं. पुढे १८४८ मध्ये हेच गोरे जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. त्यांनी पक्ष बदलला, तरी तो मुद्दा उभाच राहतो. पुरावा माणसाला दारापर्यंत आणतो. आत जायचं की नाही, हे तो माणूस ठरवतो. मेलेला माणूस उठू शकतो का, हे तुम्ही देवाविषयी आधी काय मानता त्यावर बरंचसं अवलंबून असतं, आणि ते कुठलीही पोथी ठरवून देत नाही.

शेजारच्या नगर जिल्ह्यात दीर्घकाळ काम केलेल्या नारायण वामन टिळकांचंही असंच. १८९३ मध्ये रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना बायबल दिलं. त्यांना ओढ लागली ती डोंगरावरच्या प्रवचनाची, आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नगर, जालना, बीड भागातल्या कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांच्या पूर्वजांना तर पपायरसचं नावही ठाऊक नव्हतं. शाळेत बाकावर बसू दिलं, दवाखान्यात हात लावून तपासलं, माणूस म्हणून हाक मारली, हे त्यांच्यासाठी फार मोठं होतं. ‘तुमची पोथी भेसळीची’ म्हणून त्यांच्या विश्वासाची थट्टा करणं जितकं चूक, तितकंच ‘आमच्या पोथ्या जास्त’ म्हणून दुसऱ्याच्या देवाला खोटं ठरवणंही चूक.

म्हणून आमची विनंती एकच. माप एकच ठेवा. ज्ञानेश्वरीला जी पाठचिकित्सा लावता, तीच मार्काला लावा. मार्कातल्या चमत्काराला जो प्रश्न विचारता, तोच आपल्या संतांच्या चमत्कारकथांनाही विचारा. आणि पुढच्या वेळी मोबाइलवर असा संदेश आला, तर पुढे ढकलण्याआधी एवढंच बघा, की हा तीनपैकी कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय आणि कोणत्या प्रश्नाचं दिल्याचा आव आणतोय.