चिनी वैद्यक सांगते : आधी पोट सांभाळा

‘खातो तर भरपूर, पण अंगाला काही लागत नाही,’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. जेवण झाले की पोट फुगते, डोळे जड होतात, दुपारी काम सुचत नाही. मग टॉनिकची बाटली येते, नाहीतर ताटात तूप वाढते. या तक्रारीकडे चीनचे पारंपरिक वैद्यक कसे पाहते, ते आज पाहू.

‘ची’ म्हणजे काय?

शरीर चालवणाऱ्या शक्तीला चिनी वैद्य ‘ची’ म्हणतात. हे अक्षर जुन्या पद्धतीने लिहिले, तर त्यात वर वाफेची आणि खाली तांदळाची खूण असते. शिजत्या भातातून वाफ निघावी, तशी अन्नातून शक्ती निघते, अशी ही कल्पना आहे. हे काम जठर आणि प्लीहा ही जोडी करते. त्यांच्या प्राचीन ग्रंथात या जोडीला धान्यकोठाराचे अधिकारी म्हटले आहे. कोठारात धान्य पुष्कळ, पण अधिकारीच थकलेला असेल, तर राज्य उपाशी राहते. आपल्या आयुर्वेदातील मंदाग्नीची कल्पना याच्या जवळची आहे.

येथे एक खुलासा हवा. आधुनिक शरीरशास्त्रात प्लीहेचे काम रक्त गाळण्याचे व रोगप्रतिकाराचे आहे, पचनाचे नाही. चिनी वैद्यकातील ‘प्लीहा’ हे पचनशक्तीला दिलेले नाव समजावे.

वेढ्यातून मिळालेला धडा

इ. स. 1232 मध्ये मंगोल सैन्याने कायफेंग या राजधानीला वेढा घातला. वेढा उठल्यावर शहरात मृत्यूचे थैमान सुरू झाले. वैद्य ली दोंगयुआन (1180–1251) यांनी लिहून ठेवले आहे, की शहराच्या बारा वेशींपैकी प्रत्येक वेशीतून रोज हजार ते दोन हजार प्रेते बाहेर जात होती आणि हे जवळजवळ तीन महिने चालले.

इतर वैद्य हा बाहेरून आलेला सर्दी-ताप समजून औषधे देत होते. ली यांनी विचारले, एवढी सगळी माणसे एकाच वेळी थंडीवाऱ्याने कशी आजारी पडतील? ही माणसे महिनोन् महिने अर्धपोटी होती. झोप नाही, विश्रांती नाही. पोटाची शक्ती आधीच संपलेली. त्यात वेढा उठताच ती एकदम पोटभर जेवली आणि वर चुकीचे उपचार झाले. आजचे काही इतिहासकार यामागे साथीचा रोग असावा असे मानतात. मात्र दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाल्ल्यास रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडून जीव धोक्यात येऊ शकतो, हे आधुनिक वैद्यकही सांगते.

या अनुभवावरून ली यांनी 1249 मध्ये ‘पी-वेई लुन’, म्हणजे ‘प्लीहा व जठर यांचे विवेचन’, हा ग्रंथ लिहिला. अवेळी खाणे, अतिश्रम आणि मनाचा ताप यांनी पोट बिघडते व त्यातून अनेक रोग उद्भवतात, हे त्याचे सार.

घरी काय करावे?

चिनी घरांत आजाऱ्याला आजही ‘झोऊ’ देतात. ही तांदळाची पातळ खिमट, आपल्या पेजेची बहीणच. त्यांचे वैद्य सांगतात : जेवण गरम व ताजे असावे, वेळेवर घ्यावे, नीट चावावे, पोटात थोडी जागा ठेवावी. बर्फाचे पाणी व कच्चे पदार्थ बेताने घ्यावेत. जेवताना काळज्या बाजूला ठेवाव्यात, कारण अतिविचाराने प्लीहा थकते, असे हे शास्त्र मानते. आजारातून उठलेल्या माणसाला ‘अशक्त झालायस, खा!’ असा आग्रह करण्याऐवजी थोडे थोडे, पण अधिक वेळा द्यावे.

सावधानता

जिनसेंग, ज्येष्ठमध यांचे काढे मनाने घेऊ नयेत. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जिनसेंग डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. थकवा सतत राहत असेल, वजन घटत असेल किंवा शौचास काळी अथवा रक्तमिश्रित होत असेल, तर पथ्यावर विसंबू नका. रक्तक्षय, मधुमेह, थायरॉईड किंवा आतड्याचा विकार त्यामागे असू शकतो. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या.

बाकीच्यांनी टॉनिकची बाटली आणण्याआधी आठवडाभर जेवणाची वेळ सांभाळून पाहावी. तिला पैसे पडत नाहीत!